पागडीवाले सुखी

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून एक कायदा लागू झाला. ई-पुस्तक, सिनेमा, गाणं किंवा गेम विकणाऱ्याला तो माल पुढेमागे काढून घेता येणार असेल, तर त्याने गिऱ्हाइकाला 'विकत घ्या' असं बटण उगाच दाखवू नये. दाखवलंच तर हा नुसता परवाना आहे, हे स्पष्ट सांगावं. आता हे सांगायला कायदा लागला, यावरून आधी काय चाललं होतं ते समजून घ्या. पैसे द्यायचे आपण, पावती आपल्या नावावर, आणि माल मात्र त्यांचा.

आपल्या गिरगाव-दादरच्या पागडीवाल्यांना हा व्यवहार ओळखीचा वाटेल. पण घाईने मान डोलावू नका. पागडीच्या खोलीला मालक वेगळा असला, तरी ती बापामागे मुलाला मिळते. मालकाला त्याचा हिस्सा दिला की तिसऱ्यालाही देता येते. खिळा ठोकायला कुणाला विचारावं लागत नाही. आणि मालकाने फार कटकट केली तर भाडेकरू कोर्टात जातो, दोघांची नातवंडं मोठी होतात, तरी खोली जागच्या जागी असते. ई-पुस्तक घेणाऱ्याला यातलं काहीही मिळत नाही. तो पागडी भरून जिन्यात झोपतो.

जुलै २००९ मध्ये अमेरिकेत लोकांच्या किंडलमधून काही पुस्तकं एकाएकी नाहीशी झाली. ज्याने ती दुकानात ठेवली होती त्याच्याकडे हक्कच नव्हते, हे लक्षात आल्यावर अ‍ॅमेझॉनने ती लांबूनच पुसून टाकली आणि पैसे परत केले. आता जगात इतकी पुस्तकं असताना पुसायला सापडलं कोणतं? जॉर्ज ऑर्वेलचं '१९८४'! ज्याचा नायक सरकारी कचेरीत बसून जुने कागद बदलायची नोकरी करतो, तेच. सोबत 'अ‍ॅनिमल फार्म'ही गेलं. एका शाळकरी मुलाने त्या '१९८४'वर अभ्यासाची टिपणं काढली होती. पुस्तक गेलं आणि त्याच्या टिपणांचा आधारच सुटला. तो कोर्टात गेला, तडजोड झाली, अ‍ॅमेझॉनच्या जेफ बेझोसने जाहीर माफी मागितली. माफी मनापासून असेलही. पण पुसायची कळ कंपनीकडेच राहिली. फेब्रुवारी २०२५ मध्ये, विकत घेतलेलं पुस्तक आपल्या संगणकावर उतरवून ठेवायची सोयही बंद झाली.

मराठी माणसाला पुस्तक विकत घेण्यापेक्षा उसनं नेण्यात जास्त रस, हे मान्य. माझ्या कपाटात निम्मी पुस्तकं दुसऱ्यांची आहेत आणि माझी निम्मी कुणाच्या कपाटात आहेत ते मला पक्कं माहीत आहे. अप्पा बळवंत चौकात घेतलेल्या एका जुन्या प्रतीवर 'चि. सौ. कां.' अशी सुरुवात करून कुणीतरी लग्नाचा आशीर्वाद लिहिलाय. रद्दीत गेलेला आशीर्वाद मी वीस रुपयांत घेतला आणि कुठल्याही प्रकाशकाला तो परत मागता येणार नाही.

पुस्तकाचं एक वेळ सोडा. पोलंडमध्ये अख्खी आगगाडी रुसली.

लोअर सायलेशिया प्रांताच्या रेल्वेने नेवाग कंपनीच्या 'इम्पल्स' गाड्या घेतल्या होत्या. मोठ्या देखभालीचं कंत्राट निघालं, ते दुसऱ्याच वर्कशॉपने जिंकलं. २०२२ मध्ये त्यांनी गाडी खोलली, पुस्तिकेत लिहिलंय तसं सगळं केलं, पुन्हा जोडली. पडदा म्हणतो गाडी तयार. ब्रेक सुटतात. गाडी जागची हलत नाही. मग दुसरी, मग तिसरी. शेवटी त्यांनी 'ड्रॅगन सेक्टर' नावाच्या गटातले हॅकर बोलावले. त्यांनी गाडीचा संगणक वाचला आणि डिसेंबर २०२३ मध्ये हॅम्बुर्गच्या परिषदेत काय सापडलं ते सांगितलं. गाडीच्या प्रणालीत प्रतिस्पर्धी वर्कशॉपांचे जीपीएस पत्ते होते, आणि तिथे दहा दिवस मुक्काम झाला की गाडी स्वतःला कुलूप लावून घ्यायची. एका गाडीत तर तारीख बघून कॉम्प्रेसर बिघडल्याचा खोटा निरोप द्यायची सोय होती. अट अशी: वर्ष २०२१ किंवा पुढचं, महिना अकरावा किंवा पुढचा, तारीख एकवीस किंवा पुढची. लिहिणाऱ्याच्या लक्षात आलं नाही की जानेवारी हा पहिला महिना असतो. त्यामुळे ती गाडी वर्षातले फक्त एकवीस दिवस आजारी! कंपनीने हे सगळे आरोप फेटाळले आणि हॅकर व वर्कशॉप यांच्यावरच दावे लावले. खरंखोटं पोलंडची कोर्टं बघतील. पण उद्या आपली एसटी रस्त्यातल्या परक्या गॅरेजसमोर थांबली आणि तिने हात आखडले, तर कंडक्टर कोणाला फोन लावणार?

शेतकऱ्याचं बघा. २०१५ मध्ये जॉन डीयर कंपनीने अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाला लेखी कळवलं की, ट्रॅक्टर घेणाऱ्याला तो चालवण्याचा गर्भित परवाना मिळतो, गाडीच्या आयुष्यभरापुरता. शेत त्याचं, डिझेल त्याचं, कर्ज तर त्याचंच. सॉफ्टवेअर तेवढं कंपनीचं. बिघाड झाला की अधिकृत माणूस लॅपटॉप घेऊन येईपर्यंत पीक उभं. काही अमेरिकी शेतकऱ्यांनी मग पूर्व युरोपातून चोरवाटेने आलेलं सॉफ्टवेअर वापरून आपलेच ट्रॅक्टर उघडले. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने कंपनीवर खटला भरला. आपल्याकडे दसऱ्याला ट्रॅक्टरला झेंडूचा हार घालतात, तो मालक म्हणून घालायचा की परवानाधारक म्हणून, हे आधीच विचारून घेतलेलं बरं.

२०२२ मध्ये बीएमडब्ल्यूने काही देशांत गरम सीटचं मासिक भाडं सुरू केलं होतं. हीटर आधीच सीटमध्ये बसवलेला. पैसे भरले की चालू. लोकांनी इतकी टर उडवली की पुढच्या वर्षी कंपनीने तो नाद सोडला. नागपुरात मे महिन्यात ही सेवा सर्व कंपन्या फुकट देतात.

आपल्या सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलंय. पण खरा हक्क बघायचा तर लॅमिंग्टन रोडला जावं. तिथे हातभर टेबलावर, डोळ्याला भिंग लावलेला पोरगा गरम हवेने फोनची काच सोडवत असतो. एका आयफोनची बॅटरी काढून दुसऱ्यात घातली. दोन्ही अस्सल, एकाच कंपनीचे. तरी फोन म्हणतो, हा भाग अनोळखी आहे. पोरगा वर न बघता म्हणाला, "काका, तो बोलतो. आपण ऐकायचं नाही."

अलीकडे मृत्युपत्र करावं म्हणून वकिलांकडे गेलो. पुस्तकं, भांडी, बँक सगळं लिहून झालं. म्हटलं, टॅबमधली दीडशे पुस्तकं आणि धाकट्याने स्टीम नावाच्या ऑनलाइन दुकानातून घेऊन साठवलेले गेम? वकिलांनी चष्मा काढला. २०२४ मध्ये स्टीमने कुणाला तरी कळवलं होतं म्हणे, खातं मृत्युपत्रानेही दुसऱ्याला देता येत नाही.

"मग काय लिहू?"

"पासवर्ड लिहा," वकील म्हणाले, "पण माझ्यासमोर नको."