मेंदूवाली भाची

आमची भाची लंडनला न्यूरोसायन्स शिकते. बीएस्सी, तीन वर्षांची. हे ऐकणारा प्रत्येक जण विचारतो, "म्हणजे डॉक्टरच ना?" नाही म्हटलं तरी कुणाला पटत नाही. ती सुट्टीला पुण्यात उतरली की दुसऱ्या दिवसापासून दारात एमआरआयची पाकिटं यायला लागतात. शेजारच्या काकू अर्धशिशी घेऊन येतात, वरच्या मजल्यावरचे नाना हाताचा कंप घेऊन. "काकू, मला नाही हो यातलं सांगता येत," असं ती काकुळतीनं म्हणते. "सांगू नकोस गं, नुसतं बघून ठेव," म्हणत काकू फिल्म खिडकीच्या उजेडात धरतात. तीही उलटी.

या जातीच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी सगळं कळलेलं असतं. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात कुणीही साधं वागू शकत नव्हतं. मी आमरसाची तिसरी वाटी पुढे केली तर, "मामा, तुझं डोपामिन आंबा खाताना नाही सुटलं, पेटी दिसली तेव्हाच सुटलं." वडील चिडले तर त्यांचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स दमलेला. "कॉर्टेक्स नाही, मी दमलोय. तुझी फी भरून," असं भावोजी पेपरातून मान वर न काढता म्हणाले.

जेवताना गोष्टही ठरलेली. 1848 साली अमेरिकेत फिनिअस गेज नावाचा रेल्वेचा मुकादम सुरुंग ठासत होता. स्फोट झाला, लोखंडी पहार गालातून शिरून डोक्यातून पार गेली. माणूस वाचला, पण स्वभाव पार बदलला. आम्ही घास थांबवून ऐकत होतो. आजी शांतपणे ताक ओतत म्हणाली, "पहारीवाचून बदललेले मी पुष्कळ पाहिलेत. लग्न झालं की बदलतात."

मग एका रविवारी तिला बकऱ्याचा मेंदू हवा झाला. मटणवाल्यानं विचारलं, "भेजा फ्राय करणार का मसाला?" ही म्हणाली, "अभ्यास." त्यानं पैसे मोजून घेतले. ओट्यावर अर्थातच परवानगी नव्हती. गॅलरीत जुने पेपर अंथरून तिनं दुकान मांडलं. कॉलेजात मेंदू फॉर्मॅलिनमध्ये घट्ट झालेला मिळतो. हा ताजा, खरवसासारखा डुगडुगणारा. सुरी लावली की आकारच मोडायचा. तरी तिनं सेरेबेलम शोधून दाखवला आणि "तू स्कूटरवर तोल सांभाळतोस तो याच्या जिवावर" असं मला ऐकवलं. स्कूटरवर माझ्यामागे बसताना मात्र ती दोन्ही हातांनी सीट धरते. आठवणी सांभाळणारा हिप्पोकॅम्पस काही नीट निघाला नाही. त्याचं दुःख तिला संध्याकाळपर्यंत होतं, आणि आजीला गॅलरी फिनाइलनं दोनदा पुसूनही समाधान नव्हतं.

हिप्पोकॅम्पस हा तिचा हळवा कोपरा. लंडनच्या टॅक्सीवाल्यांना परवान्यासाठी सुमारे पंचवीस हजार रस्ते तोंडपाठ करावे लागतात. संशोधक एलिनॉर मॅग्वायर यांनी 2000 साली दाखवलं, की त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो. हे तिनं स्वारगेटला एका रिक्षावाल्याला सांगितलं. "काका, तुमचाही मोठा असणार!" काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असेल ताई. पण सदाशिव पेठेत मीटरनं नाही येणार."

दुसऱ्या वर्षी आली ती वेगळीच. डोपामिनचं नाव नाही. काहीही विचारा, उत्तर एकच: "तसं सरळ नसतं ते." वर्तमानपत्रात अक्रोडानं बुद्धी वाढते असं छापून आलं, की हिचा पहिला प्रश्न, "किती जणांवर तपासलं?" टॅक्सीवाल्यांचं काय, म्हटलं तर, "त्यात सोळाच ड्रायव्हर होते, मामा. पुढे शिकाऊ ड्रायव्हरांवर पुन्हा तपासलं, तेव्हा कुठे मला जरा पटलं." मग तिनं मेलेल्या सामन माशाची गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या काही संशोधकांनी तो स्कॅनरमध्ये ठेवून त्याला माणसांचे फोटो दाखवले. आकडेमोडीत काळजी घेतली नाही, तर त्या मेलेल्या माशाचाही मेंदू 'विचार करताना' दिसतो, हे त्यांनी दाखवून दिलं. भावोजींनी पहिल्यांदाच पेपर खाली ठेवला. "आमच्या ऑफिसात असे बरेच आहेत," म्हणाले.

नातेवाईक मात्र हिरमुसले. आत्याबाईंनी स्पष्टच सांगितलं, "पहिल्या वर्षी पोरीला जास्त येत होतं."

आता तिसरं वर्ष. दिवसभर लॅपटॉपसमोर, पडद्यावर नुसता कोड. मेंदू कुठाय विचारलं तर एका वाकड्यातिकड्या रेघेकडे बोट दाखवते. परवा जेवताना आजीनंच पाहुण्यांना गेजची गोष्ट रंगवून सांगितली, तर ही मध्येच म्हणाली, "आजी, ते तितकंसं खरं नाही. स्वभाव बदलल्याचे पुरावे फार थोडे आहेत. पुढे त्यानं चिलीत कित्येक वर्षं घोडागाडी हाकली. अगदीच बिघडलेल्या माणसाला ते जमेल का?"

आजीनं क्षणभर विचार केला. "पगार बरा होता का?"

त्या रात्री दीडला पाणी प्यायला उठलो, तर ही अजून लॅपटॉपवर तेच शोधत बसली होती.