बाराव्या नंबरचा भाऊ

नरखेड तालुक्यात अंबियाची तोड सुरू झाली की गावोगाव दोन चिंता वाढतात. एक संत्र्याच्या भावाची आणि दुसरी साठ किलो वजनगटात खेळणाऱ्या पोट्ट्यांच्या पोटाची. भावाचं कोणाच्याच हातात नसतं. पोटाचं भाऊ बघतो.

मोवाडची असो, थडीपवनीची असो की जलालखेड्याची, गावच्या कबड्डी चमूत एक भाऊ असतोच. यादीत त्याचं नाव बाराव्या नंबरला. सात गडी मैदानात, पाच राखीव, आणि त्या पाचांतला हा शेवटचा. फरक एवढाच की बाकीचे चार बसलेले असतात आणि भाऊला बसलेलं कोणी पाहिलेलं नसतं.

नवख्या माणसाने त्याला ओळखायचं कसं? सामना संपल्यावर सगळ्यात स्वच्छ बनियन ज्याची, तो भाऊ. गुडघे शाबूत, कोपरं शाबूत, पण नखांत पांढरी फक्की. खिसे फुगलेले. त्यांत क्रेप बँडेज, नेलकटर, सेफ्टी पिना, सगळ्या चमूच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स, चार जणांचे मोबाइल आणि एकाचा करदोडा. नेलकटर शोभेचा नाही. वाढलेली नखं आणि अंगाला लावलेलं तेल नियमात बसत नाही, म्हणून पंच तपासायच्या आधी भाऊ प्रत्येकाचे हात उलटसुलट करून पाहतो आणि मानेपाशी नाक नेऊन वास घेतो.

"काऊन बे, खोबरेल लावलं का?"

"नाही ना भाऊ, आईनं डोक्याले लावून देल्लं."

"डोकं का घरी ठेवून खेळतं का? जाय, धुवून ये."

वजनाच्या दिवशी तर त्याच्यातली माया पार आटते. काट्यावर साडेसाठ भरलेल्या पोट्ट्याला तो स्वेटर घालून शाळेभोवती पळवतो, पाण्याचा गिलास दिसला की काढून घेतो, आणि पोट्टं एकदाचं साठात बसलं की स्वतःच्या पैशाने त्याला आलूबोंडे चारतो. भाऊचं स्वतःचं वजन विचारू नये. तो कोणत्याच गटात बसत नाही. तरी दर वर्षी खुल्या गटाच्या भरवशावर नवी बनियन शिवून घेतो.

मैदान हा त्याचा खरा जीव. इथली माती काळी, पाऊस गेला की भेगा पडणारी. ती खणायची, खडे वेचायचे, पाणी मारून दाबायची, हे सगळं दिवस उजाडायच्या आत. मग भाऊ घरून दोरी आणतो. तिला गाठी मारलेल्या. तेरा मीटर लांबी, दहा रुंदी, मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा, तिच्या पुढे एक मीटरवर बोनस. टेप का वापरत नाही, असं एकदा कोणी विचारलं, तर म्हणाला, "टेप खोटं बोलते बाप्पा, वाऱ्यानं हालते." या दोरीवर तालुक्यातल्या पंचांचा भरवसा आहे, आणि माझ्या मते तो योग्य आहे.

गाडीची सोयही त्याचीच. संत्री उतरवून रिकाम्या कॅरेटांसह परतणारा मिनीट्रक गाठायचा, चालकाला चहा पाजायचा आणि कॅरेटांवर बारा जण बसवून वरूड नाहीतर काटोल गाठायचं. रस्त्याने भाऊ इतिहास सांगतो. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनच्या ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डी करून दाखवली, हे खरं आहे. ती पाहून हिटलरने "अजून एक चढाई होऊ द्या" म्हटलं, हे भाऊचं स्वतःचं. मला त्याची भर आवडते. १९९० पासून आशियाई स्पर्धेत भारताच्या पुरुषांनी दर वेळी सुवर्ण आणलं होतं, पण २०१८ साली जकार्त्यात इराणने उपांत्य फेरीत हरवलं. त्या दिवशी भाऊ जेवला नव्हता, असं त्याची बायको सांगते. पराभवाची कारणमीमांसा त्याने एका वाक्यात केली होती: "त्यायच्या पोट्ट्यायची नखं कोणी पाह्यलीच नसन."

अशा माणसाचा सत्कार व्हावा, असं कधी ना कधी मंडळाच्या मनात येतं. मग बक्षीस समारंभाच्या पत्रिकेत पाहुण्यांच्या सत्कारानंतर त्याचं नाव घालतात. पण सत्काराचं सामान आणायचं कोणी? भाऊने. शाल तो उधारीवर आणतो, नारळ हलवून पारखतो, हार कमी पडला तर आपल्या वाट्याचा सरपंचांना देतो. नाव पुकारलं जातं तेव्हा तो जनरेटरचं डिझेल आणायला गेलेला असतो. शाल मग त्याच्या वतीने कोणीतरी घेतं, आणि पुढे ती खुर्चीवर राहिलेली बघून भाऊच ओरडतो, "कोनाची आहे रे ही शाल? सांभाळत जा!"

खेळायची वेळही येते. दोन गडी जखमी, एक परीक्षेला, एक लग्नाला, एक नुसताच रुसलेला, असं झालं की बारावा नंबर मैदानात उतरतो. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेलेल्या आणि तिसरी भाऊची. म्हणजे गुण नाही आणला तर बाद. सगळं गाव उभं. भाऊने दम धरला, आवाज खणखणीत, तीस सेकंदांतले पंचवीस त्याने निदान रेषेच्या अलीकडे डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे घालवले, आणि तसाच मागे आला. बाद. ज्याने ती रेषा पहाटे स्वतः आखली होती, तोच ती ओलांडायची विसरला, म्हणून पोट्टे डोकं धरून बसले.

"भाऊ, काऊन नाही गेले पुढं?"

"फक्की ओली होती ना बे. पाय पडला असता त पुसली असती."

त्या सामन्यात चमू एका गुणाने हरली. परतीच्या गाडीत कोणी बोललं नाही. बोलणार तरी कसं, सगळ्यांचे मोबाइल आणि भाड्याचे पैसे भाऊच्याच खिशात होते.

थंडीत या बाजूला आलात आणि रात्री हॅलोजनच्या उजेडात सामने चाललेले दिसले, तर रेषेशेजारी वाकून उभा असलेला जाडजूड माणूस शोधा. त्याला शाल देऊ नका, श्रीफळ देऊ नका. चमूची पुढच्या स्पर्धेची प्रवेश फी भरा, आणि जमलं तर फक्कीचं एक पोतं द्या.