फराहच्या माहेरची माणसं

मुलगी दिली तेव्हा जावई चांगला होता. थोडी आढ्यता होती, राजाचाच मुलगा तो. पण बोलणं गोड, आणि हातून काही बिघडलं की मनाला लावून घेणारा. वर्षभरात काय झालं कोण जाणे. २००४च्या अखेरीला हाच मुलगा समोर आला तो केस वाढवून, आवाज घोगरा करून, तोंडात शिव्या आणि पाठीमागे गॉडस्मॅक नावाच्या अमेरिकन बँडच्या केकाटणाऱ्या गिटारी घेऊन. फराहचं तर नावच काढेना. जगभरच्या चाहत्यांनी आरडाओरडा केला. पण त्यांचा आरडाओरडा गिऱ्हाइकांचा होता. आमचा नात्यातला होता.

कारण 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम' या २००३ सालच्या गेममधली फराह आपली आहे. भारतातल्या एका महाराजांची मुलगी. महाराजांच्या मुलीचं नाव फराह कसं, हे यूबीसॉफ्टच्या माँट्रियल स्टुडिओत कुणी विचारलं नसावं. आम्हीही विचारलं नाही, कारण तेव्हा गेममध्ये भारत दिसला हेच खूप होतं. आता त्या दोघांचं लग्न झालं नव्हतं, हे मान्य. पण आमच्याकडून ठरल्यासारखंच होतं. पुण्यातल्या ज्या भाड्याच्या खोलीत मी आणि माझा रूम पार्टनर एका काँप्युटरवर इंजिनिअरिंग करत होतो, त्या खोलीपुरतं तर नक्कीच.

तो पहिला जावई काय गुणाचा होता! वजिराच्या नादी लागून त्याने वाळूचं भलंमोठं घड्याळ उघडलं आणि अख्ख्या राजवाड्याची, सख्ख्या बापासकट, वाळूची भुतं केली. आता ते निस्तरायचं. सोबत फराह, तिच्या हातात धनुष्य आणि त्याच्या हातात काळ मागे फिरवणारा खंजीर. भिंतीवरून धावताना पडलात तर बटण दाबायचं, काळ उलटा वाहायचा आणि हा पुन्हा कड्यावर. खंजिरातली वाळू संपलेली असताना मेलातच, तर गोष्ट सांगणारा राजपुत्र स्वतःच चटकन म्हणायचा की छे, छे, असं नव्हतं झालं. आणि पुन्हा आधीपासून सांगायला घ्यायचा. मी इतका पडायचो, की माझ्या खोलीत ही गोष्ट बहुतांश 'असं नव्हतं झालं' एवढीच झाली.

शेवटी तो सगळाच काळ मागे फिरवतो. युद्ध झालेलंच नाही, वाळू सुटलेलीच नाही, फराह जिवंत आहे आणि तिला यातलं काहीच आठवत नाही. तेव्हा कळतं, की इतका वेळ तो ही गोष्ट तिलाच सांगत होता. तिचा विश्वास बसत नाही. मग निघताना तो एकच शब्द उच्चारतो, जो तिने लहानपणी आईकडून ऐकला होता, कुणालाही सांगितलेला नव्हता, आणि त्या पुसून गेलेल्या रात्री फक्त त्याला सांगितला होता. बस. दोघांमध्ये जे घडलं त्याचा जगात एकच साक्षीदार उरला, आणि तो भिंतीवरून उडी मारून अंधारात गेला.

आणि पुढच्या भागात या साक्षीदाराला त्यांनी दाढीवाला गुंड केला!

'वॉरियर विदिन' हे त्या भागाचं नाव. आवाजसुद्धा बदलला, युरी लोवेन्थालच्या जागी रॉबिन ॲटकिन डाउन्स. मूळ राजपुत्र ज्याने १९८९ साली ॲपल टू या काँप्युटरवर एकट्याने घडवला, त्या जॉर्डन मेकनरने २००५मध्ये जाहीर सांगितलं, की या भागाची कथा, संवाद, हिंसा, दिसणं, काहीच आपल्या पसंतीला उतरलं नाही. मी हेच २००४मध्ये सांगितलं होतं. फक्त मला कुणी विचारलं नव्हतं.

न विचारताही सांगायचं, म्हणून मी स्टुडिओला एक लांबलचक इंग्रजी पत्र लिहिलं. त्यात 'कॅरेक्टर असॅसिनेशन' हा शब्द होता, शेक्सपिअर होता आणि 'वी द पीपल ऑफ इंडिया' अशी सुरुवात होती. टपालखर्चासाठी पैसे साठेपर्यंत पत्र टेबलावर होतं, तेवढ्यात पार्टनरने त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर थर्मोडायनॅमिक्सची गणितं सोडवली. पण गंमत बघा, २००५च्या अखेरीस तिसरा भाग, 'द टू थ्रोन्स', आला आणि त्यात जुना आवाज परत, फराह परत. गुरगुरणारा स्वभाव होता तो त्यांनी काढून 'डार्क प्रिन्स' म्हणून वेगळाच ठेवला, राजपुत्राच्या डोक्यात बसून टोमणे मारायला. न पाठवलेल्या पत्राचा एवढा परिणाम! पोचलं असतं तर त्यांनी काय काय केलं असतं, या विचाराने मला आजही संकोचायला होतं.

एका गोष्टीबद्दल मात्र मी त्या स्टुडिओला अजून माफ केलेलं नाही. 'वॉरियर विदिन'मध्ये दहाका नावाचा एक काळाकभिन्न राक्षस आहे. राजपुत्राने काळाशी खेळ केला, मूळ लेखी तो मरायला हवा होता आणि मेला नाही, म्हणून हा त्याला पुसून टाकायला गेमभर पाठलाग करतो. बोलणं ऐकून घेत नाही, थकत नाही, पाण्याखेरीज कशाने थांबत नाही. मूळ कथेत कुणी फेरफार केला की पिसाळून मागे लागणारा, थकवा न जाणणारा प्राणी. हे चित्र त्यांनी कुणावरून काढलं असेल, हे ओळखायला मला जरा वेळ लागला. आरशात शिंगं दिसत नाहीत, म्हणून.

माझा आतेभाऊ म्हणतो, तुझा राजपुत्रही डुप्लिकेटच. तो डॉसच्या जमान्यातला. त्याचा राजपुत्र पांढऱ्या पायजम्यातला, मेकनरच्या धाकट्या भावाला पळायला लावून त्याच्या चित्रीकरणावरून एकेक चित्र रेखाटून केलेला, साठ मिनिटांत राजकन्येला सोडवायला निघालेला. आणि मुळात राजपुत्रही नव्हे. सुलतानाच्या मुलीच्या प्रेमात पडलेला कुणी परका तरुण. त्याच्या मते २००३ साली लोकांनी दंगल करायला हवी होती. अशा माणसांशी वाद घालू नये.

असो. २०२० साली बातमी आली, की पहिल्या भागाचा रिमेक होणार आणि तो करणार यूबीसॉफ्टचे पुणे आणि मुंबई इथले स्टुडिओ. म्हणजे पोर शब्दशः माहेरी येणार! मी भेटेल त्याला सांगत सुटलो. मग झलक आली, राजपुत्राचा चेहरा दिसला, आणि 'काय हे!' म्हणणाऱ्यांत पहिला आवाज माझा होता. पण परदेशातले लोक हसायला लागले तसा मी बाजू बदलली. आमच्या पोरांना आम्ही बोलू, तुम्ही कोण? गेम जानेवारी २०२१मध्ये यायचा होता, लांबला, आणि २०२२ साली काम परत माँट्रियलला गेलं.

मला वाटतं, माँट्रियलवाल्यांना पुण्याचा अनुभव कमी पडला. मूळ गोष्ट कुठली आणि नंतर घुसडलेली कुठली, हे ठरवण्याचा धंदा पुण्यात १९१९पासून चालू आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली, ती पुरी व्हायला १९६६ साल उजाडलं. बाराशेच्या वर हस्तलिखितं ताडून पाहिली. भरवशाच्या जुन्या प्रतींत जे सापडेल ते वर, बाकीचं तारा लावून तळटीपेत किंवा थेट परिशिष्टात. यातलं सभापर्व संपादित केलं फ्रँकलिन एजर्टन या अमेरिकन संस्कृत पंडिताने. ते १९४४ साली निघालं. (एका अमेरिकनाचा इराणी राजपुत्र पुण्याने सुधारायचा, आणि आपली द्रौपदी अमेरिकनाने. हिशेब चुकता.) आणि त्या सभापर्वात, भर सभेत वस्त्रं ओढली जात असताना, द्रौपदी कृष्णाचा धावा करतच नाही. वस्त्रामागून वस्त्रं निघतात, पण कुठून, हे संहिता सांगत नाही. धावा गेला तळटीपेत.

ही माहिती माझ्या काकांनी एका रविवारी जेवणाच्या पानावर आजीला दिली. काकांना माहिती देण्याची वेळ कधी साधली नाही.

"मग साड्या आल्या कुठून?" आजी.

"ते दिलेलं नाही. आपोआप."

"आपोआप?" आजीने भाताचा डाव खाली ठेवला. "या घरात पन्नास वर्षांत पाण्याचा तांब्यासुद्धा आपोआप भरला नाही. आणि तिथे साड्या?"

"आई, बाराशे पोथ्या तपासल्यात त्यांनी."

"आणखी चार तपासा म्हणावं. सापडेल." मग जरा थांबून, "प्रत्यक्ष द्वारकेच्या राजाला तळटीपेत बसवला मेल्यांनी. पाटसुद्धा दिला नसेल."

काकांनी पुढे युक्तिवाद केला, की उलट यात द्रौपदीचं तेज वाढतं; कुणाच्या मदतीवाचून ती टिकते. विद्वानांनाही हे मत मानवेल. आजीला मानवलं नाही. त्यानंतर आठवडाभर काकांना वाढताना ती 'घे, आपोआप आलंय' म्हणायची. हरिविजय तिने पूर्वीसारखाच वाचला, आणि वस्त्रहरणाची गोष्ट सांगताना कृष्णाला पूर्वीपेक्षा अंमळ लवकरच आणायला लागली. हा तिचा रिमेक.

तेव्हा आम्ही हसलो. आजोबा गेले तेव्हा आजी सत्तावीस वर्षांची होती, पदरात तीन मुलं. दिरांनी जमिनीचे कागद पुढ्यात ठेवले तेव्हा ओसरी भरलेली होती, आणि सगळे जण खाली बघत होते, असं ती एकदाच बोलून गेली होती. तिने कुणाला हाक मारली होती का, हे आम्ही कुणी विचारलं नाही. कोणी आलं नव्हतं, एवढं माहीत आहे. पोथीत तरी कुणी येत होतं. तिथूनही त्याला उठवून खाली पाठवायचं, तर निदान बाई जाईपर्यंत थांबायचं होतं.

हे मी एजर्टनसाहेबांवर ढकलत नाही. त्यांचं काम चोखच आहे. पण शास्त्र म्हणून बरोबर असणाऱ्या माणसाचा राग येऊ नये, असं कुठल्याही शास्त्रात लिहिलेलं नाही.

तर, जावई.

गेल्या हिवाळ्यात माझा तो रूम पार्टनर न्यू जर्सीहून सहकुटुंब आला आणि त्याने मला जेवायला बोलावलं. मी विषय काढला. आपण त्या पावसाळ्यात रात्र-रात्र जागून फराहला सोडवलं, आठवतं ना?

"फराह कोण? मेकॅनिकलची?" त्याने विचारलं.

मी तो गुप्त शब्दसुद्धा म्हणून पाहिला. तो म्हणाला, "कुठला पदार्थ आहे?"

हळूहळू त्याला आठवायला लागलं, आणि त्यापेक्षा न आठवलेलं बरं होतं. त्याच्या आवृत्तीत की-बोर्ड सगळा वेळ त्याच्या हातात आहे. मी मागे कॉटवर बसून 'उडी मार, उडी मार' म्हणतो आणि चुकीच्या वेळी म्हणतो. शेवटचा वजीर त्याने मारला. मी तेव्हा झोपलेला. आणि भजी नेहमी त्याच्या पैशांची. यातलं एकही वाक्य खरं नाही. वजीर मी मारला. भज्यांबद्दल फार तर तळटीप देता येईल. मी ज्या पिढीचा नायक आहे तिच्या कथेत मला येऊन कुणी कॉटवर बसवावं, हे मी सहन करणार नव्हतो, आणि आवाज चढला तेव्हा त्याची बायको पोळ्या घेऊन बाहेर आली.

"कशावरून चाललंय? सँड्स ऑफ टाइम? आम्ही हॉस्टेलवर खेळायचो. पण मला 'वॉरियर विदिन'च आवडायचा," ती म्हणाली. "ती फराह मागून बाण मारायची तो हमखास आपल्यालाच लागायचा."

माहेरच्या माणसांसमोर असं बोलतात का? तरी मी पाहुणा असल्याचं भान ठेवून एवढंच म्हणालो, की त्या भागाच्या शेवटी कायलीना नावाची सम्राज्ञी मरते आणि तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला जहाजावर धडधाकट उभी असते, इतका गलथानपणा ज्यांनी केला त्यांच्याबद्दल काय बोलायचं! हा मुद्दा मी वीस वर्षं वापरतोय. अजून कुणी उत्तर दिलेलं नव्हतं.

"मरते? म्हणजे तुम्ही आयुष्य वाढवणाऱ्या नऊच्या नऊ जागा शोधल्याच नाहीत?" तिने विचारलं. "त्या सगळ्या सापडल्या तर पाण्याची तलवार मिळते, मग कायलीनाशी लढायचंच नाही, दहाकाशी लढायचं. ती वाचते. तोच खरा शेवट. तिसरा भाग तिथूनच सुरू होतो." आणि मग, दोघांच्याही पानात पोळी वाढत, "तुम्ही पाहिला तो शेवट त्यांनी पुढे धरलेलाच नाही."

मी पार्टनरकडे बघितलं. त्याने माझ्याकडे. मग आम्ही दोघे एकदमच तिला समजावून सांगायला लागलो, की असं होणं शक्यच नाही, आणि तिच्या हॉस्टेलवरची सीडी बहुधा खराब असणार.