दीड वाजताची भरती

अहो, ऐकलंत का? आले हो परत. काल रात्री. कोपऱ्यावरच्या बंगल्यातले साहेब आणि वहिनी. ती एवढी मोठी पांढरी गाडी गल्लीत वळेना, म्हणून दत्ताच्या देवळापाशीच उभी केली आणि बॅगा हातानं ओढत आणल्या. आणि गंमत बघा, जाताना साहेब पुढे नि वहिनी मागे होत्या ना? येताना वहिनी पुढे! मी आपली कपडे काढायला म्हणून गॅलरीत आले होते... रात्री अकराला काढतात हो माणसं कपडे, त्यात काय.

या, अशा इकडे सरका. जास्वंदीच्या आड त्यांच्या खिडकीतून दिसत नाही.

तुम्हाला तर माहितीच आहे, रिटायर झाल्यापासून साहेबांना त्या मोटरहोमचं वेड. सरकारनं 2021 मध्ये कॅरव्हॅनचं धोरण काढलं ना, त्या बातमीचं कात्रण फायलीत. कुणीही चहाला गेलं की फाइल बाहेर! गाडीतच पलंग, गाडीतच शेगडी, फ्रिज, इतकंच काय, संडाससुद्धा. "हॉटेलचा खर्च शून्य, मन लागेल तिथे मुक्काम!" हे म्हणताना साहेब छताकडे बघायचे आणि वहिनी कपाकडे. आणि गणपतीच्या मीटिंगमध्ये काय म्हणाले आठवतंय? "समुद्रातून उगवणारा सूर्य मी पलंगावरून बघणार." वहिनी प्रसाद वाटत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अहो, कोकणात समुद्र पश्चिमेला. तिथे तो बुडतो." सेक्रेटरींना ठसका लागला, खिरापत नाकात गेली. आणि साहेबांचा चेहरा... असो.

तर निघायचा दिवस. आठवडाभर दवंडी, "आम्ही दोघंच, दोघंच." गाडी आली तर आत ड्रायव्हर! गाडीवाल्यांची अटच होती, चालवणार आमचाच माणूस. कोल्हापूरकडचा पोरगा, कानात बाळी, हसरा. तो झोपणार कुठे? तर पुढच्या सीटच्या वर एक बर्थ असतो, तिथे. मध्ये एक पडदा. नुसता पडदा हो! आपल्याला काय करायचंय म्हणा. पण पलीकडच्या मावशींना राहवलं नाही, फाटकातूनच ओरडल्या, "घोरतो का रे तू?" तर पोरगा म्हणतो, "मी नाय मावशी, साहेबांचं म्हाईत नाय." साहेब लालबुंद! वहिनींनी पदरात तोंड लपवलं, मी पाहिलं.

आता मला हे सगळं कळलं कसं, असं नका विचारू. थोडं वहिनींनी सांगितलं, सांडगे घालताना. बाकीचं त्या पोरानं. आज सकाळी वहिनींचा विसरलेला तांब्या परत द्यायला आला होता, घरी कुणी नव्हतं, मग मीच चहा दिला. दोन कप. पोरगा गोड आहे.

तर काय सांगत होते... हां, एक्सेल! साहेबांनी अख्ख्या सहलीचा तक्ता केलेला. कुठं किती वाजता, किती मिनिटं. ताम्हिणी, माणगाव, म्हसळा, दिवेआगर, हरिहरेश्वर, सगळं रकान्यांत. ताम्हिणीच्या उतारावरच पहिला धक्का. त्या गाडीतल्या कपाटांना खटके असतात, निघायच्या आधी लावायचे असतात. ते कळलं तिसऱ्या वळणावर, तोवर पोह्यांचा डबा पलंगावर पालथा. दिवेआगरपर्यंत वहिनी गादीतून पोहे वेचत होत्या म्हणे. साहेब पुढून विचारतायत, "व्ह्यू बघतेस ना?"

पण खरी गंमत हरिहरेश्वरला. होळीपौर्णिमेचा दिवस, तक्त्यात लिहिलेलं, दुपारी बारा, प्रदक्षिणा. आता तुम्हीच सांगा, तिथली प्रदक्षिणा म्हणजे खडकात खोदलेल्या पायऱ्यांवरून खाली उतरून थेट समुद्राच्या कडेनं. ओहोटीलाच करायची असते. आणि पौर्णिमेला दुपारी बारा म्हणजे भर भरती, त्यात उधाण! लाटा पायऱ्यांवर आपटतायत आणि हे निघाले. तिथली फुलवाली म्हातारी म्हणाली, "आता नको हो, संध्याकाळी या." तर यांनी तिला मोबाइलवर एक्सेल दाखवलं! म्हातारीला! तिनं डोळ्यांवर हात धरून बघितलं आणि म्हणाली, "ह्यात तिथी खंय... तिथी कुठे आहे ह्यात?"

आणि मग तिनं वहिनींना ते गणित सांगितलं. कोकणातल्या शेंबड्या पोराला येतं ते. तिथीची पाऊणपट करायची, की भरती किती वाजता पूर्ण होणार ते कळतं. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. तीनला भरती, मग सहा तासांनी ओहोटी, मग परत भरती. पौर्णिमेचे पंधरा, म्हणजे सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास मागेपुढे धरायचा. आता आपल्या वहिनींना तिथी काय विचारायची? एकादशी, प्रदोष, संकष्टी, कॅलेंडर न बघता सांगतात. इतकी वर्षं साहेब हसायचे त्यावर, "तुमची पंचांगं!" आणि इकडे साहेबांच्या मोबाइलला तर श्रीवर्धन सोडल्यापासून रेंज नाही.

झालं! तिथून फासे फिरले. संध्याकाळी बागमांडल्याला आले, खाडी ओलांडून वेशवीला जायचं. तुम्ही गेलायत ना त्या फेरीबोटीनं? शेजारी त्या बाणकोटच्या पुलाचे खांब, अंतुल्यांच्या काळापासूनचं स्वप्न ते सागरी महामार्गाचं. जाऊ दे, तो विषय काढला की आमचे हे तासभर बोलतात. तर वहिनी म्हणाल्या, "पौर्णिमेची ओहोटी आहे, पाणी पार खाली गेलंय, उतार खडा असणार. दोन तास थांबू, पाणी चढू दे." साहेब म्हणाले, "तक्त्यात सहा वाजता फेरी आहे." आणि पोराला घालायला लावली गाडी रिव्हर्समध्ये. त्या गाडीचं बूड मागच्या चाकांच्या मागे केवढं लांब असतं! करर्र असा आवाज. खलाशी ओरडतोय "थांब, थांब!" बोटीवरची सगळी माणसं वाकून बघतायत, आणि एक कोळीण मासळीची पाटी खाली ठेवून म्हणाली, "घर घेऊन कशाला आलात ओ?" बंपरचा कोपरा गेला. डिपॉझिटमधून किती कापले ते मला कळलंय, पण मी सांगणार नाही. बरेच कापले.

मग वेळास. कासवांचं वेळास हो. गावात गेल्यावर साहेबांनी गाडीबाहेरच्या त्या निळ्या-जांभळ्या एलईडी माळा लावल्या, अँबियन्स म्हणून. पाच मिनिटांत गावातली मुलं धावत. "काका, लाइट बंद करा." कासवाची पिल्लं उजेडाच्या दिशेनं जातात ना, समुद्र समजून. रात्रीचा समुद्र किनाऱ्यापेक्षा उजळ असतो, त्यावरच त्यांची भिस्त. माणसानं दिवे लावले की उलटी गावाकडे चालायला लागतात. साहेब वाद घालायच्या बेतात होते, तोवर वहिनींनीच बटण बंद केलं.

सकाळी पिल्लं सोडताना बघायला गेले. टोपली आडवी केली आणि ती एवढी एवढी काळी पिल्लं वाळूवर फरफटत निघाली. वहिनी सांगताना हळव्या झाल्या होत्या. तिथला मुलगा माहिती देत होता, की मादी रात्री येते, खड्डा करून शंभरेक अंडी घालते, वाळू लोटते आणि निघून जाते. परत बघायलासुद्धा येत नाही. नर तर जन्मात किनाऱ्यावर येत नाही. तर वहिनी म्हणाल्या, "मागे न बघता निघून जायचं, एवढंच आपल्याला कधी जमलं नाही बघा." मला म्हणाल्या हो असं. साहेबांना नाही. मी काय बोलणार, सांडगे उलटत बसले.

आणि त्याच सकाळी... अहो, हे तर सांगायलाच हवं. त्या गाडीच्या संडासाखाली एक पेटी असते, कॅसेट म्हणतात. अठरा-वीस लिटरची असेल, भरली की बाहेर ओढून ओतून यायची. कोण ओतणार? ड्रायव्हर म्हणाला, "ते माझ्या ड्युटीत नाय." वहिनी म्हणाल्या, "माझ्याही नाही." घरमालकानं दया येऊन आपला संडास दाखवला, सुपारीच्या बागेच्या टोकाला. साहेब निघाले पेटी घेऊन. हात लांब, नाक वर. आणि समोरून कोण यावं? बँकेतला त्यांचाच ज्युनिअर, बायकामुलांसकट कासवं बघायला आलेला! साहेबांच्या हाताखाली होता तो, कॉन्फिडेन्शिअल रिपोर्टमध्ये यांनीच काहीतरी लिहिलेलं म्हणे. तो धावतच आला, "सर! तुम्ही? द्या ना सर, मी घेतो. बर्फाची पेटी का?"

साहेब "नको, नको" म्हणतायत, तो ओढतोय, "असं कसं, सर!" ...पुढचं नको, तुमचं अजून जेवण व्हायचंय.

तर काय सांगत होते... दुसऱ्या दिवशी हर्णै. बंदरावर लिलाव चाललेला, सुरमई, पापलेट, कोळंबीचे ढीग. वहिनी अलिबागच्या माहेरवाशीण, आणि सासर कसं ते आपल्याला ठाऊक आहे, कांदासुद्धा चातुर्मासात वर्ज्य. त्या लिलावात जाऊन उभ्या राहिल्या. नुसतं बघत असतील असं साहेबांना वाटलं. तर आल्या त्या पिशवी घेऊन! साहेब म्हणाले, "ही गाडी म्हणजे एकच खोली आहे. वास कुठे जाईल?" वहिनी म्हणाल्या, "तुमच्या तक्त्यात पहाटेचा पोहे-चहा, दुपारचं पिठलं, रात्रीची खिचडी, सगळं मीच करायचं लिहिलंय. एक वेळ माझी." पोरानं कोळंबी साफ करून दिली. दोघांनी मागच्या दारात बसून चाटूनपुसून खाल्ली, आणि साहेब सुवर्णदुर्गाकडे तोंड करून केळं खात होते.

आणि त्याच रात्री कर्दे! साहेबांचं तेच स्वप्न, पलंगावरून समुद्र. गाडी थेट वाळूवर. वाळूत गाड्या घालू नका म्हणून सांगून सांगून तिथली माणसं थकली, पण पुणेकर ऐकतो होय? संध्याकाळची वेळ, ओहोटीचं पाणी लांब गेलेलं, वाळू कशी घट्ट. वहिनी म्हणाल्या, "आज द्वितीया. दोनाची पाऊणपट दीड. रात्री दीडला पाणी इथे." साहेब म्हणाले, "म्हातारीचं गणित!" आणि खिडकी उघडी टाकून झोपले. घोरायला लागले. म्हणजे मावशींचा प्रश्न बरोबर होता, फक्त माणूस चुकला.

साडेबाराला वहिनींनी पडदा सरकवला. हळूच, "अरे, ऊठ." पोरगा काय, बूट घालूनच झोपलेला, त्यालाही धाकधूक होतीच. खटके लावले बरं का सगळे, आधी! आणि साहेबांना पलंगावर तसंच झोपलेलं ठेवून गाडी वर सुरूच्या बनात. साहेबांनी कूस बदलली तेवढीच.

सकाळी उठून साहेब पडदा सारतात तर समोर म्हैस. समुद्र गायब! "समुद्र कुठे गेला?" असंच ओरडले म्हणे, शब्दन् शब्द. खाली उतरून बघतात तर काल त्यांच्याच शेजारी लावलेली ती मोठी चकचकीत एसयूव्ही दारांपर्यंत वाळूत रुतलेली, आत पाणी, ट्रॅक्टर लावून ओढतायत आणि मालक बनियनवर मोबाइल उन्हात वाळवतोय. साहेब कितीतरी वेळ उभे. वहिनींनी चहा आणून दिला. तेही बोलले नाहीत, त्याही बोलल्या नाहीत. पोरगा म्हणतो, "साहेबांनी चहा पिऊन कप स्वतः विसळला ओ." इतक्या वर्षांत आपण पाहिलंय का कधी?

मग तक्त्याचं कुणी नाव काढलं नाही. दाभोळची फेरी वहिनींनी सांगितली त्या वेळेला, गुहागरही तसंच. तिथे शिमग्याची पालखी घरोघर फिरत होती. ढोल वाजवत वाडीत आली आणि या गाडीपुढे थांबली. माणसं विचारात पडली, ह्या घरी देवीला न्यायचं की नाही? साहेब म्हणाले, "घर नाही हो, भाड्याची गाडी आहे." वहिनी आतून नारळ, तांदूळ, खण घेऊन उतरल्या. "चूल आहे, पाणी आहे, माणसं आहेत. थांबा." भरली ओटी. पोरानं पालखी खांद्यावर घेऊन नाचवली, आणि साहेब ताट धरून उभे.

आता कट्ट्यावर साहेब काय सांगतायत ठाऊक आहे? "मी भरतीचा अंदाज घेऊन गाडी वेळेत हलवली." मी! आमचे हे ऐकून आले, "काय प्लॅनिंग आहे हो त्यांचं!" मी काही बोलले नाही. वहिनींचीच ताकीद आहे, त्यांना तेवढं राहू दे म्हणाल्या.

कारण वहिनींचं वेगळंच चाललंय. अहो, मालवण! दिवाळीनंतर. तीच गाडी, तोच पोरगा, त्याचा नंबर घेऊन ठेवलाय. पुरुष कुणी नाही. स्वयंपाक नाही, खानावळीत जेवायचं, आणि पेटी ओतायची पाळी लावायची. निघायची तिथी ठरली, तारीख नाही. गाडीत झोपायला चौघींचीच सोय. वहिनी, मी, पलीकडच्या मावशी... हो, त्यांनी आधीच सांगितलंय, त्या घोरतात. राहिली एक जागा. भिशीतल्या दोघी टपून आहेत, म्हणून तर सकाळपासून तुमच्या दाराकडे नजर ठेवून होते. बोला, घालू नाव?