दर्या गाळणारा

वालावलात कुणाकडे पाहुणा उतरला की त्याला दोन ठिकाणी नेतात. आधी लक्ष्मीनारायणाचं देऊळ आणि शेजारचा तलाव, मग टाकीवाल्याचं घर. देवळात पाहुणा हात जोडतो. टाकीवाल्याकडे त्याला हात मागे बांधून उभं राहावं लागतं, कारण काचेला बोट लावलेलं चालत नाही.

‘टाकीवालो’ हे गावाने दिलेलं नाव. तशी ही जमात एकट्या वालावलची नव्हे. ती डोंबिवलीच्या वन-बीएचकेत सापडते, कोथरूडच्या बंद केलेल्या बाल्कनीत सापडते, न्यू जर्सीच्या तळघरातही सापडते. वालावलचा नमुना मुंबईत नोकरी करून, पेन्शन घेऊन, गावचं घर दुरुस्त करून राहायला आलेला. असे परतलेले चाकरमानी सहसा काजूची कलमं लावतात, देवस्थानच्या कमिटीत शिरतात किंवा सख्ख्या भावावर दावा लावतात. टाकीवाल्याने यातलं काही केलं नाही. त्याने तीनशे लिटरची काचेची टाकी आणली आणि तिच्यात समुद्र करायला घेतला.

खरा समुद्र तसा दूर नाही. वालावलची कर्ली नदी पुढे देवबागला दर्याला मिळते. “मगे थयसूनच पाणी हाडा,” असं सगळ्यांनी सांगून झालं. टाकीवाला अशा वेळी फक्त दयेने हसतो. संगमाच्या पाण्यात नदीचं गोडं पाणी मिसळलेलं, पावसात गाळ आलेला. ते त्याच्या कामाचं नाही. तो आपल्याच विहिरीचं पाणी घेतो, जे अख्खी वाडी गोड म्हणून पिते. ते आरओमधून काढतो, मग रेझिनमधून काढतो. टीडीएसच्या मीटरवर शून्य उमटलं की त्याचा चेहरा उजळतो, आणि त्याच शून्य पाण्यात तो लिटरमागे 35 ग्रॅम पाकिटातलं मीठ घालतो. शंभर लिटरला साडेतीन किलो. आरओने नाकारलेलं पाणी परसात जातं. तिथल्या केळींनी कधी तक्रार केलेली नाही.

टाकीत आहे काय, तर हॅचरीत जन्मलेले दोन क्लाऊनफिश, एक कोळंबी, थोडे गोगलगाईचे प्रकार आणि दगडांवर पसरलेले रंगीत झोअँथिड, म्हणजे प्रवाळांचे मऊ भाऊबंद. दगडी प्रवाळ नाही. भारतात सगळे दगडी प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कागदावर ते वाघाच्या पंगतीला बसतात. टाकीवाला कायदा पाळतो आणि पाळल्याचं प्रत्येक पाहुण्याला सांगतो. पाहुण्याचा प्रश्न मात्र ठरलेला असतो. तो केशरी माशाकडे बघतो आणि विचारतो, “खाऊक कसो लागता?”

टाकीवाल्याला या प्रश्नाचा राग येत नाही, कारण मासा हा त्याचा विषयच नाही. त्याचा विषय पाणी. पाहुण्याला तो टाकीपुढून उठवतो आणि खालचं कपाट उघडून दाखवतो. तिथे सम्प म्हणजे पाणी गाळायची खालची टाकी आहे, फेस काढणारा स्किमर आहे, आणि प्लास्टिकच्या दोन उभ्या नळ्या आहेत. एकीत काळे दाणे, दुसरीत तांबूस. या नळ्यांतल्या ऐवजाला तो ‘मीडिया’ म्हणतो. गावात प्रथम हा शब्द पसरला तेव्हा टीव्हीवाले येणार अशी आवई उठली होती.

काळे दाणे म्हणजे ॲक्टिव्हेटेड कार्बन. माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून पाण्यात विरघळणारे सेंद्रिय पदार्थ टाकी हळूहळू पिवळट करतात. कार्बन त्यांना आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवतो. कोळशाची ही करामत 1785 मध्ये सेंट पीटर्सबर्गला लोवित्झ नावाच्या रसायनज्ञाच्या लक्षात आली. पहिल्या महायुद्धात तिने विषारी वायूच्या मुखवट्यांमध्ये माणसं वाचवली. 1918 मध्ये अमेरिकेत त्यासाठी पीचच्या बिया आणि अक्रोडाची टरफलं गोळा करायची मोहीम निघाली होती. उत्तम कार्बन होतो तो नारळाच्या करवंटीचा. करवंटीचा कोळसा वाफेत आठशे-नऊशे अंशांवर तापवला की त्याला असंख्य सूक्ष्म छिद्रं पडतात. एका ग्रॅममधल्या छिद्रांच्या भिंती सपाट पसरल्या तर सुमारे हजार चौरस मीटर जागा भरते. टाकीवाला हे पाहुण्याला “दहा गुंठे” असं सांगतो, आणि दहा गुंठ्यांच्या सातबारावर सतरा नावं असलेल्या त्या मुलखात आकडा लगेच काळजाला भिडतो.

हा कार्बन कुडाळला कुरियरने येतो. पाकिटावर परदेशी कंपनीचं नाव आणि झावळीचं चित्र. शेजारच्या काकीने ते चित्र पाहिलं, मग परसातल्या करवंट्यांचा ढीग पाहिला आणि वाडीभर बातमी दिली, “आमी करट्यो चुलीत घालतंव, नि ह्यो इकत घेता. वर कुरियरचो खर्च!”

तांबूस दाण्यांची कथा तर याहून जवळची. ते आहे लोहाचं ऑक्साईड, टाकीवाल्यांच्या भाषेत जीएफओ. या जातीचा माल 1990 च्या दशकात बर्लिनच्या तंत्र विद्यापीठात तयार झाला तो पिण्याच्या पाण्यातलं आर्सेनिक पकडायला. लोह फॉस्फेटलाही तसंच घट्ट पकडतं, हे लक्षात आल्यावर तो मत्स्यालयांत शिरला. कोकणच्या शेतकऱ्याला लोहाचा हा स्वभाव ठाऊक आहे: जांभ्याच्या लाल मातीत स्फुरद घातलं की मातीतलं लोह आणि ॲल्युमिनियम ते धरून बसतं, भाताच्या मुळांना सोडत नाही. टाकीवाल्याचं घर जांभ्याच्या चिऱ्यांचं आहे. टाकी ज्या चौथऱ्यावर आहे तोही जांभ्याचा. त्यावर बसून तो लोहाचे दाणे ग्रॅमवर मोजतो. दगड कुटून टाकीत घालावा असं नाही. त्यातून आणखी काय काय पाण्यात उतरेल ते सांगता येत नाही, हे त्याचं म्हणणं बरोबरच आहे. पण एवढा योगायोग त्याने एकदाही बोलून दाखवलेला नाही, याचं गावाला नवल वाटतं.

तिसरं एक पाकीट आहे, पांढऱ्या कृत्रिम मण्यांचं. ते घाण शोषून तपकिरी झालं की ब्लीचमध्ये भिजवून पुन्हा पांढरं करायचं, मग क्लोरीन पूर्ण जाईपर्यंत धुवायचं. हा विधी बांगडे तळायच्या वेळेलाच स्वयंपाकघरात चालतो. त्यावर घरकारीण काय म्हणते ते छापता येण्याजोगं नाही.

तिने सोसलंय मात्र पुष्कळ. डासांची कॉइल घरातून हद्दपार झाली, कारण तिच्यातलं कीटकनाशक कोळंबीला मारतं. तांब्याची कळशी माळ्यावर गेली, कारण तांब्याचा अंशही बिनकण्याच्या जिवांना चालत नाही. चतुर्थीला घरात धूप-अगरबत्ती सुरू झाली की टाकीवाला दुप्पट कार्बन भरतो. गणपतीसमोर आरती चालू असताना त्याचा एक डोळा टाकीकडे असतो. पावसात वीज गेली की इन्व्हर्टरवर टाकीचे पंप चालतात. पंखा आणि फ्रीज महावितरणच्या भरवशावर.

या सगळ्या खटाटोपाचं लक्ष्य एक आकडा आहे. प्रवाळांच्या पाण्यात फॉस्फेट लिटरला 0.03 मिलिग्रॅमच्या आसपास असावं, असं तो मानतो. तीनशे लिटरमध्ये मिळून 9 मिलिग्रॅम, म्हणजे तांदळाचा अर्धा दाणा. रोज सकाळी चहाच्या आधी तो बाटलीत पाणी घेतो, पूड टाकतो, हलवतो, उजेडात धरतो. एकदा उत्साहात देवळाशेजारच्या तलावाचंही पाणी तपासायला गेला, तर बघ्यांनी कुठली सरकारी योजना म्हणून विचारलं आणि दोघांनी नावं नोंदवायला आधार कार्ड काढलं.

हे फॉस्फेट टाकीत येतं कुठून, तर मुख्यतः तो स्वतः घालतो त्या गोठवलेल्या खाद्यातून. हे घरकारणीने ऐकलं तेव्हा तिने हातातली विळी न थांबवता सांगितलं, “मगे तेंका कमी खाऊक घाला.” पृथ्वीवरचा हा सर्वांत स्वस्त मीडिया टाकीवाल्याने वापरून पाहिलेला नाही. 1961 मध्ये जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी लिहून ठेवलं होतं की समुद्राचं पाणी, जिवंत दगड आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर टाकी चालते. टाकीवाला त्यांचं नाव आदराने घेतो आणि तिसऱ्या नळीसाठी भोक पाडायला घेतो.

मालवणच्या बाजूला तर त्याने नजरच टाकू नये. तिथल्या सागरी अभयारण्यात, 1987 पासून राखलेल्या त्या 29.12 चौरस किलोमीटर पाण्यात, प्रवाळ आहेत. पावसाळ्यात तिथे हाताचं बोट दिसत नाही आणि डुबक्या मारणारेही धंदा बंद ठेवतात. पोराइटस, टर्बिनेरियासारख्या चिवट जाती तरीही त्या गाळात पाय रोवून आहेत. त्यांचं पाणी अजून कुणी रेझिनमधून काढलेलं नाही.

यंदा, सगळे दाणे नवे भरल्यावर, एका सकाळी फॉस्फेटचा आकडा शून्यावर आला. टाकीवाल्याने वाडीत पेढे वाटले. पुढच्या आठवड्यात झोअँथिड मिटले, मग वाळूवर तपकिरी, चिकट, बुडबुडे धरणारा थर चढला. ही डायनोफ्लॅजेलेट्स. पाण्यातलं पोषण अगदी संपलं की इतर शेवाळ मागे हटतं आणि रिकाम्या झालेल्या जागेत यांचं फावतं. टाकीवाल्याने रात्र जागून वाचन केलं आणि उपाय शोधला: पाण्यात थोडं फॉस्फेट घालायचं. विकत मिळतं. बाटलीत.

कुडाळहून बाटली आली. तो ड्रॉपरने मोजून थेंब सोडू लागला. कपाटात तांबूस नळी सुरूच होती, कारण अर्धं पाकीट शिल्लक होतं आणि ते महाग होतं.

घरकारीण कुळथाची पिठी ढवळता ढवळता हे बघत होती. “म्हणजे एका हातान घालतास,” ती म्हणाली, “नि दुसऱ्या हातान काढतास?”

“समतोल,” टाकीवाला म्हणाला, आणि सातवा थेंब की आठवा हे विसरल्यामुळे पुन्हा पाणी तपासायला बसला.