ज्याचा ताप, त्याला पाणी

कोल्हापुरात आमच्या घरी कुणाला ताप आला की डॉक्टरच्या आधी भिंतीवरचं कालनिर्णय बघतात. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, त्यात एखादी संकष्टी मध्येच उपटते. उरलेल्या वारी जो आजारी पडेल, त्यालाच कोंबडीचा अळणी रस्सा. श्रावणात तर बोलायलाच नको. अख्खं गाव शिंकत असतं नेमक्या त्याच महिन्यात आजाऱ्याला आल्या-तुळशीच्या काढ्यावर सोडून दिलं जातं. सर्दी काढायची तर माणसानं आषाढात उरकून घ्यावी, असं आईचं स्पष्ट मत आहे.

यंदा मी आषाढात पडलो, तेही बुधवारी. आईच्या चेहऱ्यावर काळजीपेक्षा कौतुकच जास्त दिसलं.

‘आजाऱ्यासाठी पाहिजे’ म्हटलं की कोंबडीवाला ब्रॉयलरकडे बघूसुद्धा देत नाही. सहा-सात आठवड्यांत वाढवून विकायला काढलेल्या पाखरात कसली ताकद, असा त्याचा सवाल. “गावठीच न्या, दादा!” गावठीला पैसे जास्त पडतात, शिजायलाही दीडेक तास घेते, पण हाडांचा अर्क उतरतो तो तिच्याच. पातेल्यात चमचाभर तेलावर कांदा, आलं-लसणाचं वाटण, हळद आणि मीठ. त्यावर कोंबडी परतून तिचं तिला पाणी सुटू द्यायचं. वर ताट झाकायचं आणि ताटात पाणी ठेवायचं. खालच्या वाफेवर ते तापतं, मग तेच आत ओतायचं. शिजत्या कोंबडीत गार पाणी ओतणाऱ्याला आमच्याकडे मुलगी देत नाहीत. शेवटी चार मिऱ्यांची भरड आणि कोथिंबीर. बस्स. आजाऱ्याचं काम इथं संपलं.

बाकीच्यांचं सुरू होतं. कारण हेच अळणी पाणी तांबड्या आणि पांढऱ्या, दोन्ही रश्श्यांचं भांडवल! माझ्या वाट्याला एक वाटी काढली जाते आणि उरलेल्या पातेल्याचा घरादारात उद्धार होतो. फोडींचं सुक्कं, खोबरं-तीळ भाजून तांबडा, नारळाच्या दुधाचा पांढरा. देवाला नैवेद्य दाखवून पंगत बसावी तसा हा प्रकार. कोंबडी माझ्या नावानं येते, तिला निमित्त माझा ताप, आणि मला मिळतं तिचं आंघोळीचं पाणी. त्या दिवशी मला ‘बघायला’ म्हणून धाकटे काका आले, आत्या आली, आत्याचे जावईही आले. “कसं वाटतंय?” असं मला विचारताना तिघांचीही तोंडं स्वयंपाकघराकडे होती.

अळणीच्या औषधी गुणांबद्दल माझी तक्रार नाही. चरकानं आजारातून उठलेल्यांना मांसरस सांगून ठेवलाय. बाराव्या शतकात कैरोत वैद्यकी करणाऱ्या मैमोनिडीजनंही कोंबडीच्या सूपाची शिफारस केली होती. अमेरिकेत नेब्रास्का विद्यापीठाच्या डॉ. स्टीफन रेनार्ड यांनी तर बायकोच्या आजीचं सूप थेट प्रयोगशाळेत नेलं. जळजळ वाढवणाऱ्या पांढऱ्या पेशींची धावपळ त्यानं मंदावते, असं काचेच्या नळीत दिसलं आणि 2000 साली ‘चेस्ट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. सासरच्या स्वयंपाकाची एवढी जाहीर स्तुती करणारा जावई मी दुसरा पाहिला नाही. त्या सूपात गाजर, सलगम यांच्या जोडीला रताळीही होती. ही गोष्ट मी आईला सांगितलेली नाही. उपासाचं रताळं कोंबडीत घालणाऱ्या माणसाच्या हातचं औषध तिनं मला घेऊ दिलं नसतं.

माझं भांडण आहे ते 1978 सालच्या मायामीच्या प्रयोगातून निघालेलं. तिथल्या डॉक्टरांनी पंधरा धडधाकट माणसांना गरम पाणी, गार पाणी आणि कोंबडीचं सूप पाजलं आणि नाकातला शेंबूड किती वेगानं पुढं सरकतो ते मोजलं. (विज्ञानासाठी लोक काय काय मोजतात!) घोट घोट प्यायलेल्या गरम पाण्यानं वेग वाढला, सूपानंही वाढला. अर्ध्या तासानं मात्र दोन्हींचा वेग पूर्ववत.

म्हणजे वाटी प्यायल्यावर नाक मोकळं असतं ते त्या अर्ध्या तासातच. आणि मुहूर्त काढल्यासारखी आई नेमकी त्याच वेळी कांदा-लसूण चटणी तेलात सोडते! तोवर मला वास म्हणून नव्हता. जगात लसूण आहे की नाही, याचीही खात्री उरली नव्हती. आणि मोकळ्या झालेल्या नाकात पहिला शिरतो तो तांबड्याचा घमघमाट. ताप परवडला.

“आई, एक पळी तांबडा वाढ ना.”

“गप पी की हाय ते! तापात सोसंल व्हय तुला?”

“मग फोड तरी दे एखादी.”

“वातड हाय ती. जावयास्नी वाढलीया.”

जावईबापूंना वातड फोड चालते, कारण त्यांना ताप नसतो. ते जाताना माझ्या उशाशी आले, ढेकर आवरत म्हणाले, “काळजी घ्या हं,” आणि हात न धुता माझ्या कपाळाला लावून बघितला. कपाळाला बराच वेळ मस्त वास येत होता.

तेव्हा मंडळी, घरात कुणी अंथरुणाला खिळलं असेल तर अळणी जरूर करा, गावठीचाच करा. फक्त आजाऱ्याच्या वाटीत एक तंगडी राहू द्या, आणि तांबड्याला फोडणी घालायच्या आधी अर्धा तास थांबा.