31 दरवाजे, झिंग्याला एकही नाही

आर्वी तालुक्यातल्या धनोडीजवळच्या निम्न वर्धा धरणाला 31 दरवाजे आहेत. पावसाळ्यात ते उघडले की बातमी येते: किती दरवाजे, किती सेंटिमीटर, कुठल्या गावांना इशारा. ती यायलाच हवी. पण नदीतून खालून वर येऊ पाहणाऱ्या जिवाला यातला एकही दरवाजा उपयोगाचा नाही, आणि त्याची बातमी कधीच होत नाही.

मी बोलतोय गोदावरी खोऱ्यातल्या नदीझिंग्याबद्दल. शास्त्रातले नाव मॅक्रोब्रॅकियम माल्कमसोनी. वीतभर लांब, नराला लांबलचक नांग्या; भारतातल्या गोड्या पाण्यातल्या झिंग्यांत याच्याहून मोठा एकच, स्कॅम्पी. हा जगतो नदीत, पण त्याचे बाळपण जाते मचूळ पाण्यात. मादी पोटाखाली हजारो अंडी घेऊन फिरते. अंड्यातून निघालेल्या पिल्लांना मीठ लागते, निव्वळ गोड्या पाण्यात ती काही दिवसांतच मरतात. म्हणून पावसाळ्यात माद्या पुराबरोबर खाडीकडे उतरतात. पिल्ले तिथे कात टाकत टाकत झिंग्याच्या रूपाला येतात आणि मग काठाकाठाने, धारेच्या उलट, वर निघतात. बोटाच्या पेराएवढी ही पिल्ले ओल्या भिंतीवरूनसुद्धा चढतात. के. एच. इब्राहिम यांनी गोदावरीतल्या या झिंग्याचे जीवन आणि त्याची मासेमारी 1962 मध्येच लिहून ठेवली आहे. माहिती नव्हती, असे कुणाला म्हणता येणार नाही.

आता नकाशा घ्या. वर्धा वैनगंगेला मिळते, दोघींची प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते आणि गोदावरी राजमहेंद्रीच्या पुढे समुद्रात. त्या टोकाला धवळेश्वरमचा बंधारा, जो मुळात ब्रिटिश अभियंता ऑर्थर कॉटनने 1852 मध्ये पुरा केला. त्याच्या वर पोलावरम धरण. आणखी वर, सिरोंच्याजवळच, 2019 मध्ये सुरू झालेले मेडीगड्डा धरण. मग आपल्या वर्धा जिल्ह्याच्या तोंडाशी निम्न वर्धा, तिच्या वर मोर्शीजवळ उर्ध्व वर्धा. खालच्या खाडीतून निघालेल्या पिल्लाने यातले नेमके काय काय ओलांडायचे?

धरणे नकोत, असे मी म्हणत नाही. कापसाला पाणी हवे, वर्ध्याला पिण्याचे पाणी हवे. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. नदीझिंगा आपले बीज आपणच आणतो, फुकट. ती वाट आपण बंद केली आणि आता जलाशयात झिंगा हवा म्हणून स्कॅम्पीचे बीज विकत आणून सोडतो. स्कॅम्पीच्या पिल्लांनाही मीठ लागते, हे शाओ-वेन लिंग यांनी मलेशियात 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला शोधले, आणि सगळ्या हॅचऱ्या त्यावरच उभ्या राहिल्या. जलाशयात हा झिंगा वाढतो, वजन धरतो, पण त्याची पुढची पिढी तिथे होत नाही. म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा बीज, पुन्हा वाहतूक, पुन्हा खर्च. मच्छीमार संस्थेच्या ढिवराला हे गणित कुणी समजावायला नको, तो खर्च तोच भरतो.

2023-24 मध्ये देशाने गोठवलेली कोळंबी 40 हजार कोटी रुपयांहून अधिक किमतीची निर्यात केली. त्यातली बहुतेक व्हेनामी, पॅसिफिक महासागराच्या पलीकडच्या किनाऱ्यावरून आणून तळ्यात वाढवलेली. तिच्यासाठी हॅचरी, खाद्य, शीतगृह, अनुदान, सगळे आहे. नदीतल्या झिंग्यासाठी साधी वाट नाही.

आणि ती अशक्यही नाही. पोलावरमच्या सांडव्यात माशांसाठी जिना ठेवला आहे, कारण आंध्रात पुलसा मासा सोन्याच्या भावाने विकला जातो. झिंग्याला तर एवढाही थाट लागत नाही. प्वेर्तो रिकोतल्या नद्यांचा अभ्यास 1998 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या उंच धरणांच्या सांडव्यावरून पाणी वाहत नव्हते, तिथे वरच्या अंगाला मूळचे झिंगे उरलेच नव्हते. जिथे पाणी वाहत होते, तिथे ते वर पोचत होते. खरखरीत उतार आणि त्यावरून सतत वाहणारी पातळ धार, बस्स. प्रश्न पैशाचा कमी, आठवण ठेवण्याचा जास्त.

वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला राज्याने 2024 मध्ये मान्यता दिली. तेव्हाची किंमत 87 हजार कोटींच्या घरात, वर्धा जिल्हा त्याच्या लाभक्षेत्रात. इतक्या पैशात झिंग्याच्या वाटेचा एक अभ्यास आणि जुन्या बंधाऱ्यांवर दोन-चार उतार सहज बसतील. जलसंपदा खात्याने ते आताच, आराखडा कागदावर असतानाच घालावेत. मत्स्यव्यवसाय खात्याने मागणी लेखी करावी, तोंडी नको. आणि ठरवायला बसण्याआधी वर्धा, वणा, धाम या नद्यांकाठच्या म्हाताऱ्या ढिवर-भोयांना बोलावून विचारावे: झिंगा कुठवर यायचा, कुठल्या महिन्यात यायचा, कुठल्या वर्षापासून यायचा थांबला?